मुख्य जसा, तसे काम



मृगाचा पाऊस होऊन गेला आहे, जमिनीला वाफसा आला आहे आणि शेतात पाभर चालू आहे, असे चित्र घटकाभर डोळ्यांपुढे आणा. बैलांचा कासरा घरच्या कर्त्या माणसाच्या हाती आहे. चाड्यावर मूठ धरून एक पोरगा चालला आहे. चालता चालता ओल्या मातीचा गोळा एका नळ्याच्या तोंडाशी बसतो. वरून मूठ सुटते आहे, पण दाणा जमिनीत पडत नाही. कर्त्याचे लक्ष पुढे, बैलांकडे आणि आभाळाकडे. नळा तुंबला, हे फक्त त्या पोराच्या ध्यानात आले आहे.

आता त्याने काय करावे? "थांबा, नळा तुंबला," असे ओरडावे. बैल थांबतील, काडी घालून नळा मोकळा होईल, दोन मिनिटे मोडतील. पण हाच पोरगा तासाभरापूर्वी एकदा असे ओरडला होता. आणि तेव्हा त्याला काय ऐकावे लागले? "तुझं ध्यान कुठं असतं रे? आभाळ भरून आलंय, दिसत नाही का?" म्हणून या खेपेस तो बोलत नाही. पाभर पुढे जाते. आठ दिवसांनी उगवण होते, तेव्हा हिरव्या ओळींमधून एक ओळ पार बांधापर्यंत मोकळी दिसते. मग नांगे भरत बसावे लागते, आणि तोवर वेळ गेलेली असते.

कर्ता म्हणतो, पोरगा बेफिकीर आहे. मला तसे वाटत नाही. पोरगा त्या दिवशी शेतात एक धडा शिकला. तो धडा पेरणीचा मात्र नव्हता. गप्प बसावे, म्हणजे बोलणी खावी लागत नाहीत, हा तो धडा होता.

आता शेतोशेत ट्रॅक्टर आले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रालाही नळ्या असतातच, आणि त्याही तुंबतात. माणसाच्या स्वभावाचेही तसेच आहे. म्हणून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते कामावरच्या मुख्य माणसाच्या वागण्याविषयी. मुख्य म्हणजे केवळ मोठा साहेब नव्हे. शाळेचा मुख्याध्यापक मुख्य आहे. बांधकामावरचा मिस्त्री मुख्य आहे. सोसायटीचा चेअरमन, दवाखान्यातली मोठी नर्स, ऊसतोडीचा मुकादम, बचत गटाची अध्यक्षा हे सारे मुख्य आहेत. ज्याच्या तोंडाकडे बघून दुसरी चार माणसे काम करतात, तो मुख्य. त्याच्या रीतीवर त्या चौघांचे काम अवलंबून असते, हे आपण जाणतो. पण त्या चौघांचे शिकणेही त्याच रीतीवर अवलंबून असते, हे मात्र आपण पुष्कळदा विसरतो.

या गोष्टीचा नीट तपास करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाला. कुर्ट लेविन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ तेथे होते. ते जन्माने यहुदी. जर्मनीत हिटलरची सत्ता आली त्या साली, म्हणजे १९३३ मध्ये, ते देश सोडून अमेरिकेत गेले. एका माणसाच्या हुकमाखाली माणसांचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने नुसता पुस्तकी नव्हता. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची छोटी छोटी मंडळे केली. शाळा सुटल्यावर ही मुले जमत आणि मुखवटे करणे, सुतारकाम करणे असले हाताचे उद्योग करीत. प्रत्येक मंडळावर एक मोठा माणूस मुख्य म्हणून असे. मात्र या मुख्यांच्या रीती मुद्दाम निरनिराळ्या ठेवल्या होत्या, आणि तीच मुले पाळीपाळीने निरनिराळ्या रीतींखाली काम करीत होती.

पहिली रीत हुकमाची. काय करायचे, कोणी कोणाबरोबर करायचे, हे सारे मुख्य ठरवी. एक पायरी झाली की पुढची सांगे. आधी सांगत नसे. शाबासकी दिली तर का दिली, आणि रागावला तर का रागावला, याचे कारण सांगत नसे. दुसरी रीत विचारविनिमयाची. काम काय आणि कसे, हे मुख्य मुलांशी बोलून ठरवी. कामाचा सारा आराखडा आधी समजावून देई. जोडीदार मुलांनी निवडावा. चूक दाखवायची ती कामातली दाखवावी, मुलावर शिक्का मारू नये. तिसरी रीत मोकाट सोडण्याची. सामान पुढे ठेवून मुख्य बाजूला बसे. विचारले तर सांगे, नाही तर काही नाही.

आता निकाल ऐका. हुकमाखाली मुकाट्याने वागणारी मुले मुख्य समोर असताना शंभरातला ७४ हिस्से वेळ कामात गढलेली असत. विचारविनिमयाच्या मंडळात हे प्रमाण ५० होते, आणि मोकाट मंडळात ३३. येथवर ऐकून कोणी म्हणेल, "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो? हुकमाशिवाय काम होत नाही!" पण थांबा. ठरवून मधूनच मुख्य खोलीबाहेर जाई, आणि मागे काय होते ते टिपून ठेवीत. मुख्य बाहेर पडताच हुकमाच्या मंडळातले काम ७४ वरून २९ वर आले. विचारविनिमयाच्या मंडळात ते ५० वरून ४६ वर आले, म्हणजे जवळजवळ होते तसेच राहिले. मुख्य आत आहे की बाहेर, याचे त्या मुलांना फारसे काही नव्हते. काम त्यांचे स्वतःचे झाले होते.

आणखी एक गोष्ट दिसली. हुकमाच्या मंडळात मुले मुख्यापुढे गप्प असत, पण आपसात तुटून पडत. एखाद्या दुबळ्या मुलाला सारे मिळून छळीत. वरून आलेला राग खाली उतरत जातो, हे आपल्याला नवीन नाही. साहेब मुकादमाला बोलतो, मुकादम गड्याला, गडी घरी बायकोला आणि बायको पोराला. वीस मुलांना शेवटी विचारले, की हुकमाचा मुख्य आवडला की सल्ला घेणारा. एकोणीस जणांनी सल्ला घेणारा पसंत केला. हुकमाचा मुख्य पसंत करणारा एकच निघाला, आणि तो एका लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता!

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे मी पुस्तकातून वाचले, पण पटले ते स्वतः ठेच लागल्यावर. ती गोष्ट सांगतो. मी एका खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक होतो. शिस्तीचा माणूस अशी माझी ख्याती होती, आणि खरे सांगायचे तर तिचा मला अभिमान होता. दर शनिवारी मी शिक्षकांच्या नोंदवह्या तपाशी. कोठे कमी दिसले की सर्वांसमक्ष जाब विचारी. चौथीचा वर्ग एका तरुण शिक्षकाकडे होता. त्याची नोंदवही अगदी स्वच्छ. अमुक घटक पूर्ण, तमुक घटक पूर्ण, सहामाहीचा निकाल उत्तम. मी खूश होतो.

एके दिवशी तो रजेवर गेला आणि त्याच्या वर्गावर मी गेलो. सहज फळ्यावर एक वजाबाकी घातली: ५०२ वजा २७८. एकतीस मुले होती. पाट्या पाहू लागलो, तो चौदा पाट्यांवर एकच उत्तर: ३७६. गणित शिकवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल, की हे उत्तर कोठून आले. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, पाचातून दोन गेले तीन. जो अंक मोठा दिसेल त्यातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली! हातचा म्हणजे काय, हे त्या चौदा मुलांना मुळीच कळलेले नव्हते. आणि नोंदवहीत तो घटक पूर्ण होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या शिक्षकाला बोलावले. माझा आवाज चढलेलाच होता. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मला हे जूनपासून माहीत आहे. तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला असता, की मला शिकवता येत नाही." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते. जूनपासून दिवाळीपर्यंत ती मुले तशीच बसून राहिली होती. आणि त्याला तो मुलगा जितका कारण होता, त्याहून मी अधिक कारण होतो.

त्या शनिवारी मी नोंदवह्या मागवल्या नाहीत. सर्वांना चहाला बसवले आणि आधी माझेच गाऱ्हाणे सांगितले. सातवीत अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, हे मी मुलांना सांगत होतो. पण का उलटा करायचा, हे मला धडपणे समजावता येत नव्हते. मुख्याध्यापकच असे म्हणतो, हे पाहून दोघे-तिघे एकमेकांकडे बघू लागले. मग एक जुन्या बाई बोलल्या. मग दुसरे गुरुजी बोलले. शेवटी चौथीचा तो शिक्षकही बोलला. त्यावर बाई म्हणाल्या, "अहो, काड्यांच्या जुड्या घ्या. शंभराची जुडी सोडायची, दहाच्या दहा जुड्या करायच्या. त्यातली एक सोडून सुट्या काड्या करायच्या. पोरांना हातानं सोडू द्या. हातचा हातातच दिसला पाहिजे." हे ज्ञान माझ्या शाळेत दहा पावलांवर होते. पण चौथीच्या वर्गातून पाचवीच्या वर्गापर्यंत जायला त्याला वाट नव्हती, कारण वाटेवर मी बसलो होतो.

मार्चपर्यंत चौदांपैकी अकरा मुलांना हातच्याची वजाबाकी येऊ लागली. तीन राहिली. त्यांतली एक मुलगी पुढच्या जूनमध्ये शाळेत आलीच नाही. मी घरी गेलो. तिची आई म्हणाली, "तिला गणित येत नाही, म्हणून लाज वाटते म्हणते." त्या मुलीला मी कधी छडी लावली नव्हती. रागावलो होतो तो तिच्या शिक्षकावर. पण माझ्या रागाची किंमत तिने दिली.

हे एका शाळेपुरते खरे आहे, असे कोणी समजू नये. १९९० नंतरच्या काळात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एमी एडमंडसन या बाईंनी दोन रुग्णालयांतील आठ विभाग तपासले. औषधे देताना चुका कोठे कमी होतात, हे त्यांना पाहायचे होते. त्यांची अटकळ अशी, की ज्या विभागात माणसे एकजुटीने काम करतात, तेथे चुका कमी असतील. आकडे हाती आले ते नेमके उलटे! जो विभाग चांगला, तेथे चुकांची नोंद जास्त. बाई बुचकळ्यात पडल्या. मग खोलात जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला. चांगल्या विभागात नर्स आपली चूक मोकळेपणाने सांगत, म्हणून ती नोंदली जाई आणि पुढे टाळता येई. जेथे वरिष्ठ नर्स कडक, तेथे चुका लपवल्या जात. १९९६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. अब्रूच्या बाबतीत ते ठीक असेल. औषधाच्या बाबतीत झाकली मूठ जिवावर बेतते.

आता एक कारखान्याची गोष्ट सांगतो, म्हणजे माणसे तीच राहून मुख्याची रीत बदलली तर काय होते, ते दिसेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट नावाचे गाव आहे. तेथे जनरल मोटर्स या कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. त्या कारखान्याचे नाव फार वाईट झाले होते. शंभर कामगारांत वीस-वीस कामगार गैरहजर राहत. भांडणे होत, तक्रारी साचत. गाड्या जुळवण्याची साखळी कोणत्याही कारणाने थांबता कामा नये, हा तेथला दंडक. गाडीत दोष दिसला तरी ती पुढे जाऊ द्यायची, मागून दुरुस्त करू! शेवटी १९८२ साली तो कारखाना बंद पडला.

१९८४ साली जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा यांनी मिळून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. कारभार टोयोटाकडे आला. कामगार मात्र बहुतेक जुनेच घेतले, आणि त्यांची युनियनही तीच. लोक म्हणाले, त्याच माणसांकडून हे काय होणार? टोयोटाने जुन्या कामगारांच्या तुकड्या जपानला पाठवल्या आणि तेथल्या कामगारांच्या शेजारी उभे राहून काम शिकू दिले. परत आल्यावर पाच-सहा जणांचा एक गट आणि त्यांच्याबरोबर एक म्होरक्या, अशी रचना केली. साहेब आणि कामगार एकाच ठिकाणी जेवू लागले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावरून एक दोरी नेली. काम करताना काही चुकले, काही अडले, तर ती दोरी ओढायची. दिवा लागतो, घंटा वाजते आणि म्होरक्या धावत येतो. येतो तो दरडावायला नव्हे, मदत करायला. दोघांनी मिळून ठरलेल्या वेळात दोष निघाला तर ठीक. नाही निघाला, तर साखळी थांबते.

श्रोतेहो, ही दोरी म्हणजे आपल्या पाभरीमागच्या पोराची हाक आहे. "थांबा, नळा तुंबला" असे म्हणण्याचा हक्क त्या कामगाराला दिला, इतकेच. पण तेवढ्याने केवढा फरक पडला! दोन वर्षांच्या आत त्या कारखान्याच्या गाड्या जनरल मोटर्सच्या साऱ्या कारखान्यांत उत्तम गणल्या जाऊ लागल्या. गैरहजेरी शंभरात दोन-तीनवर आली. १९८८ च्या सुमारास गाड्यांचा खप घटला, तेव्हाही कामगारांना घरी पाठवले नाही. त्या रिकाम्या वेळात त्यांना शिक्षण दिले. दिलेला शब्द पाळला. पुढे धंद्याच्या इतर कारणांनी २०१० साली तो कारखाना बंद झाला, हेही सांगितले पाहिजे. चांगल्या रीतीने सगळीच संकटे टळतात, असे मला म्हणायचे नाही. आणि फरक पडला तो एकट्या दोरीमुळे नव्हे, हेही खरे. शिक्षण, गटाची रचना, नोकरीची शाश्वती या सर्वांचा त्यात वाटा होता. पण त्या प्रत्येकाच्या मुळाशी मुख्याची बदललेली नजर होती. दोष सांगणारा माणूस कामचुकार नसून उपकारकर्ता आहे, ही ती नजर.

या दोरीचे मूळ मागासारख्या साध्या वस्तूत आहे, हे ऐकून विणकर मंडळींना आनंद होईल. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी असा माग बनवला होता, की एक धागा तुटला तर माग आपोआप थांबे. १९२४ साली त्यांचा तो प्रसिद्ध स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटलेला असताना माग चालू राहिला, तर वार वाढत जातात, पण कापड वाया जाते. माणसांच्या कामाचेही तसेच आहे.

आता येथे दोन शंका येतील, आणि त्या रास्त आहेत. पहिली शंका अशी, की मग कोणी कोणाला बोलायचेच नाही काय? शिस्त नको काय? आयोवाच्या प्रयोगातले तिसरे मंडळ आठवा. मोकाट सोडलेल्या मुलांचे मुख्य समोर असतानाचे काम सर्वांत कमी होते. मुख्याने अंग काढून घेतले, तर माणसे शिकत नाहीत, नुसती भटकतात. तेव्हा मऊपणा म्हणजे चांगली रीत नव्हे. जपानी कारखान्यात तर कोणता बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचा, हेही काटेकोर ठरलेले असते. आपल्या भाषेत धाक वेगळा आणि धास्ती वेगळी. काम नीट झालेच पाहिजे, हा धाक असावा. काम चुकले तर सांगायचे कसे, ही धास्ती असू नये. चूक लपवणाऱ्याला जरूर बोला. चूक सांगणाऱ्याला बोलू नका. एवढा एक भेद पाळला, तरी पुष्कळ झाले.

दुसरी शंका अशी, की प्रत्येक वेळी सल्लामसलत करायला सवड कोठे आहे? बरोबर आहे. गंजीला आग लागली, तर सभा बोलावत नाहीत. एकाने हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी पाणी ओतायचे. नवशिक्या गवंड्याला पहिल्या दिवशी, "तुझा विचार काय?" असे विचारून उपयोग नाही, ओळंबा कसा धरायचा, हे त्याला दाखवावेच लागते. पण आग विझल्यावर, ती का लागली हे सर्वांनी बसून बोलायला हवे. आणि गवंड्याचा हात बसला, की भिंत त्याच्यावर सोपवायला हवी. जन्मभर त्याच्या हातातला ओळंबा ओढून घेणारा मिस्त्री कामे पुष्कळ करील, पण दुसरा मिस्त्री तयार करणार नाही.

मग मुख्याने करावे तरी काय? मला सुचतात त्या चार गोष्टी सांगतो. त्यांना पैसा लागत नाही. एक म्हणजे, काही बिघडले की तोंडातून पहिला प्रश्न, "कोणी केलं?" असा निघतो, तो गिळावा आणि "काय अडलं?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणसे मागे सरकतात. दुसऱ्याने पुढे येतात. दुसरी गोष्ट, स्वतःची चूक आधी सांगावी. मुख्याने आपली चूक कबूल केली तर मान जातो, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. तिसरी गोष्ट, काम सांगताना कारण सांगावे. खत बुंध्यापाशी न टाकता चार बोटे लांब का टाकायचे, हे ज्या गड्याला कळले, तो तुम्ही बांधावर नसतानाही तसेच टाकील. चौथी गोष्ट, वाईट बातमी घेऊन येणाऱ्याचे आभार मानावे. मनातून राग आला, तरी मानावे. कारण तो आज जे तोंड पाहील, त्यावर उद्याची बातमी अवलंबून आहे.

अंगणवाडीच्या ताईंचे काम घ्या. त्या मुलांची वजने करतात. एखाद्या महिन्यात दहा मुलांची वजने कमी भरली. वरच्या बाईंनी तो कागद पाहून, "तुमच्याच गावात इतकी मुलं कशी कमी वजनाची?" असे दरडावले, तर पुढच्या महिन्यात काय होईल? कागदावरची वजने वाढतील. मुलांची वाढणार नाहीत. उलट, "बरं झालं कळवलंत, चला, घरोघर जाऊन पाहू," असे त्या म्हणाल्या, तर कागद पुढच्या महिन्यातही खरा राहील, आणि मुलांच्या पोटात काही जाईल. दोन्हीकडे ताई तीच, गाव तेच आणि तराजूही तोच. फरक आहे तो वरच्या बाईंच्या एका वाक्याचा. असे एकेक वाक्य आपण सर्वजण दिवसातून दहादा बोलत असतो.

हाताखाली काम करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुख्य बदलेल तेव्हा बोलू, असे म्हणून थांबू नका. माझ्या शाळेतला तो शिक्षक जूनमध्ये एकटा बोलायला भ्यायला असेल. पण त्या जुन्या बाईंना बरोबर घेऊन तो माझ्या खोलीत आला असता, तर मी कदाचित ऐकले असते. एकट्याची हाक दबते. दोघांची सहसा दबत नाही. आणि आपण एकीकडे हाताखालचे असलो, तरी दुसरीकडे कोणाचे तरी मुख्य असतो, हेही विसरू नये. साहेबापुढे गप्प बसणारा बाप घरी पोरासमोर साहेबच असतो.

आपली रीत कशी आहे, हे ओळखायचे कसे? आयोवाच्या मंडळांत केली तीच परीक्षा करावी. घटकाभर खोलीबाहेर जावे. परत आल्यावर काम चालू आहे की नाही, ते पाहावे. आणि त्याहून सोपी परीक्षा आणखी एक आहे. गेल्या महिन्यात आपल्या हाताखालच्या किती माणसांनी आपणहून येऊन, "माझ्याकडून हे चुकलं," असे सांगितले, ते आठवावे. एकानेही सांगितले नसेल, तर चुका झाल्या नाहीत, असे समजून निश्चिंत होऊ नये. त्या झाल्या आहेत. फक्त तुमच्यापर्यंत आलेल्या नाहीत.

पुढच्या पेरणीला मागून हाक येईल, "थांबा, नळा तुंबला." आभाळ भरून आलेले असेल, घाई असेल. त्या क्षणी बैल थांबवा, आणि नळा मोकळा करण्याआधी त्या पोराला एवढेच म्हणा, "बरं झालं सांगितलंस."